कानात मशीन, तेही लाल रंगाचं

ऑक्टोबरात माझं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, पोस्टाने घरी आलं, पिवळ्या पट्टीचं. म्हणजे आता मला ऐकू कमी येतं हे सरकारदरबारी पण नोंदलं गेलं. किती वेळ लागला असं विचाराल तर फॉर्म भरल्यापासून चारेक महिने, आणि मला कमी ऐकू येतंय हे मला स्वतःला कळल्यापासून धरलं तर चौदा-पंधरा वर्षं. मधली सगळी वर्षं लोक काय म्हणतील याच्या खात्यावर जमा आहेत.

मी हे सगळं करायला निघाले तेव्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणी सांगितलेलं असं काही हाताशी नव्हतं. एकजण म्हणायचा एजंट लागतो, दुसरा म्हणायचा मुंबईला जावं लागतं, तिसरा म्हणायचा मशीन घातलं की कान अजून बिघडतो. तर म्हणलं आपलं झालंय तेवढं लिहून टाकावं. सगळं २०२५ मधलं आहे, पैशाचे आकडे पण तेव्हाचे आणि माझ्यापुरते.

माझ्याबद्दल थोडक्यात. वय बेचाळीस, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला, राहायला इंदिरानगर. घरी नवरा, सासूबाई आणि आठवीतली मुलगी. दोन्ही कानांच्या नसा कमजोर आहेत आणि ते हळूहळू वाढत गेलं. एका दिवशी अचानक ऐकू येईनासं झालं असं काही झालं नाही. (ज्यांना असं अचानक होतं त्यांनी हे वाचत बसू नका, त्याच दिवशी ईएनटीकडे जा, त्यात पहिले काही दिवसच उपचाराला महत्त्वाचे असतात, मळ असेल म्हणून तेल टाकत घरी थांबू नका.)

लपवायचं कसं यात मी इतकी तरबेज झाले होते की त्याचा क्लास काढला असता. मीटिंगला टेबलाच्या कोपऱ्यात बसायचं म्हणजे सगळ्यांचे ओठ दिसतात. लोक हसले की हसायचं. कुणी काही विचारलं आणि कळलं नाही तर "बघते आणि सांगते" म्हणायचं, हे अकाउंट्समध्ये कुठेही खपतं. फोन आला की "रेंज नाहीये, व्हॉट्सॲप करा". लग्नात डीजेशेजारी बसायचं, कारण तिथे कुणालाच काही ऐकू येत नाही, सगळे आपल्याच लायनीत! आणि केस मोकळे. मशीन नव्हतंच तेव्हा, तरी केस मोकळे, कारण उद्या मशीन लागलं तर लोकांना सवय असावी, इतकं लांबचं प्लॅनिंग.

एवढं करून लोक गप्प होते का, तर नाही. सोसायटीत माझं नाव 'शिष्ट' असं पडलेलं होतं. मागून हाक मारली तरी बघत नाही, लिफ्टमध्ये कुणी हळू आवाजात काही बोललं तर उत्तर देत नाही, नोकरी करते म्हणून फार भाव खाते वगैरे. हे मला खालच्या मजल्यावरच्या काकूंनी नंतर स्वतः सांगितलं. म्हणजे लोक बोलायचे ते बोलतच होते, फक्त कारण भलतंच लावून, आणि त्या भलत्या कारणासाठी मी रोज राबत होते.

कोविडात मास्क आले तेव्हा पहिला झटका बसला, ओठच गेले. नंतर कंपनीच्या मीटिंगा पुण्याच्या ऑफिसबरोबर ऑनलाइन सुरू झाल्या आणि तिकडे कुणीही कॅमेरा लावत नाही. काळे चौकोन बोलतायत आणि आपण बघतोय. असं दोन-तीन वर्षं काढलं. २०२४ च्या डिसेंबरात इयरएंडची तयारी चालू असताना संध्याकाळी घरी येऊन मी नुसती झोपायला लागले, जेवण नाही काही नाही. ऐकण्यासाठी इतका जोर लावावा लागतो की माणूस थकतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मला वाटलं हिमोग्लोबिन कमी असेल. नवराच म्हणाला, "आधी कान दाखव." त्याला माहीत होतं अर्थात. आम्ही दोघं त्याच्याबद्दल बोलत नव्हतो एवढंच.

जानेवारीत कॉलेज रोडला एका ईएनटीकडे गेलो. फी ५००. डॉक्टरांनी आधी कानात बघितलं, मळ आहे का, पडदा ठीक आहे का, मग तो चिमट्यासारखा ट्यूनिंग फोर्क वाजवून कानामागच्या हाडावर टेकवला, मग म्हणाले ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं त्याची तपासणी, करून या. तुम्ही पण याच क्रमाने जा. आधी ईएनटी, मग ऑडिओलॉजिस्ट, आणि मशीन सगळ्यात शेवटी. मळामुळे किंवा पडद्यामुळे कमी ऐकू येत असेल तर त्याला औषध किंवा ऑपरेशन असू शकतं, उगाच मशीन गळ्यात पडायचं. ऑडिओलॉजिस्ट रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे रजिस्टर असतात, भिंतीवर सर्टिफिकेट असतं, ते बघा. मॉलमध्ये स्टॉल लावून फुकट कान तपासणारे वेगळे.

ऑडिओमेट्रीला ६०० रुपये लागले. एका छोट्या आवाजबंद खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, हातात बटण देतात, बीप ऐकू आली की दाबायचं. काचेपलीकडे ऑडिओलॉजिस्ट मॅडम बसलेल्या. आता माझी सवय बघा, बीप वाजवताना मॅडमचा खांदा थोडा हलतो हे मला लगेच कळलं आणि खांदा हलला की मी बटण दाबायला लागले. मुद्दाम नाही हो, आपोआप होतं ते, इतकी वर्षं डोळ्यांनीच ऐकलंय. थोड्या वेळाने त्या आत आल्या, हसल्या, माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि म्हणाल्या, "ताई, तुमचे डोळे फार चांगले आहेत, पण मला कान तपासायचेत." मग भिंतीकडे तोंड करून बसले आणि बराच वेळ शांतताच होती. एवढी शांतता की मला वाटलं मशीन बंद पडलं.

रिपोर्ट म्हणजे एक आलेख असतो, ऑडिओग्राम. उजवा कान लाल गोल, डावा कान निळी फुली. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक आवाज, आणि रेघ जितकी खाली तितकं कमी ऐकू येतं. माझी रेघ उजवीकडे चांगलीच उतरलेली. मॅडमनी समजावलं की अ, आ, ओ हे स्वर जाड आवाजात असतात, ते मला बऱ्यापैकी येतात, पण स, श, फ, थ असली अक्षरं बारीक आणि मुळातच हळू असतात, ती गळतात. म्हणून कुणीतरी बोलतंय हे ऐकू येतं, काय बोलतंय ते कळत नाही. "ऐकू येतं पण समजत नाही" हे वाक्य मी मनातल्या मनात हजारदा बोलले होते आणि मला वाटायचं माझी बुद्धीच मंद आहे. आलेख बघून रडले. दुःख वगैरे नव्हतं, मोकळं वाटलं.

मग मशीन. इथे घाई करू नका, ट्रायल मागा. मला आठवडाभर ट्रायलला दिलं, घरी, ऑफिसात, रस्त्यावर लावून बघा म्हणाले. किमती पंधरा-वीस हजारांपासून काही लाखांपर्यंत आहेत आणि महाग म्हणजे आपल्याला चांगलंच असं नाही. माझी कानामागची जोडी ९२ हजारांना पडली. श्रवणयंत्रावर जीएसटी नसतो, बिल नीट बघा, मी अकाउंट्सवाली असल्यामुळे सवयीने बघितलं. वॉरंटी किती वर्षं आणि सेटिंग करायला परत आलो तर पैसे लागतात का हे दोन प्रश्न पैसे द्यायच्या आधी विचारायचे.

माझ्या मशीनला कानाच्या मापाचा मोल्ड लागतो. कानात आधी दोरा बांधलेला छोटा बोळा सरकवतात, मग सिरिंजने मऊ गुलाबी पेस्ट भरतात, पाचेक मिनिटं तोंड न हलवता बसायचं, की ती घट्ट होऊन कानाचा साचा बाहेर येतो. त्यावरून मोल्ड बनून यायला आठ-दहा दिवस. मॅडमनी रंगांचं कार्ड पुढे केलं. वरच्या ओळीत कातडीचे सगळे रंग, गोरा, गव्हाळ, सावळा, आणि पारदर्शक. खालच्या ओळीत लाल, निळा, हिरवा आणि एक चमचम असलेला. म्हणाल्या, "खालचे लहान मुलं घेतात."

सासूबाई बरोबर होत्या, त्यांनी लगेच गव्हाळवर बोट ठेवलं. "हा घे, अजिबात दिसायचा नाही." मी पण आधी तेच म्हणणार होते. पण तो अजिबात न दिसणारा रंग बघताना पुढची वीस वर्षं डोळ्यासमोर आली, केस मोकळे, वारा आला की हात कानावर, कुणी डाव्या बाजूने आलं की मान वळवायची. मी म्हणलं लाल. सासूबाई म्हणाल्या, "अगं लाल कशाला, उगाच लोकांना दाखवायला?" मी म्हणलं, "आई, खाली पडलं तर सापडेल तरी." ते पण खरंच आहे, गव्हाळ रंगाची वस्तू आमच्या फरशीवर पडली तर दिवाळीच्या साफसफाईतच मिळेल. त्यांना पटलं नाही, पण रिक्षात काही बोलल्या नाहीत.

फेब्रुवारीच्या मध्यात मशीन लागलं. पहिले दिवस छान वगैरे नसतात, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. फ्रिज गुरगुरतो, पंखा, नळ, पोळ्या लाटताना स्वतःच्या बांगड्या, कागदाचा आवाज तर असह्य. स्वतःचा आवाज पिंपातून आल्यासारखा. मुंबई नाक्याच्या सिग्नलला हॉर्न ऐकून मी मशीन काढून पर्समध्येच टाकलं. पण मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून पहिल्या आठवड्यात दिवसातून थोडे तास, आधी घरात, मग बाहेर, असं वाढवत न्यायचं. त्रास होईल तो लिहून ठेवायचा आणि सेटिंगला जाताना वही घेऊन जायचं. "बरं वाटत नाही" असं म्हणलं तर त्या काय सेटिंग करणार, "ताटाचा आवाज टोचतो, पण मुलीचं बोलणं कळत नाही" असं सांगितलं की लगेच हलवतात. ज्या ड्रॉवरमध्ये मशीन कायमचं जाऊन पडतं ना, ते बहुतेक याच महिन्यात पडतं.

बॅटरीचं पण सांगते. माझी १३ नंबरची, नारिंगी स्टिकरची. स्टिकर काढला की लगेच लावायची नाही, मिनिटभर हवा लागू द्यायची, ती हवेवरच चालते. आणि एकदा स्टिकर काढला की परत चिकटवून उपयोग नाही. रात्री मशीन बॅटरीचं दार उघडं ठेवून सिलिका जेलच्या डबीत. नाशकातला पावसाळा आणि हेल्मेटमधला घाम, दोन्ही मशीनचे वैरी. हेल्मेट घालताना मी मशीन काढत नाही, पण एक साइज मोठं घेतलं, नाहीतर शिट्टी वाजते.

ऑफिसला पहिल्या दिवशी क्लचर लावून केस वर बांधून गेले. रात्रभर झोप नव्हती. लोक काय काय विचारतील, कसं बघतील, त्याची उत्तरं तयार करून ठेवली होती, अगदी इंग्लिशमध्येसुद्धा. पहिला माणूस डिस्पॅचचा, म्हणाला, "मॅडम, ब्लूटूथ का?" म्हणलं, "नाही, कानाचं मशीन, ऐकू कमी येतं मला." हे वाक्य मी बाहेरच्या माणसाला पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. तो म्हणाला, "अच्छा. केवढ्याला पडलं?"

आणि मग दिवसभर तेच. केवढ्याला पडलं. कुठून घेतलं. माझ्या वडिलांना पायजे, ते घालतच नाहीत. इन्शुरन्समध्ये बसतं का. भाजीवाल्या ताईंनी तर मेथीची जुडी हातातच ठेवून सगळी चौकशी केली, सासऱ्यांसाठी. पंधरा वर्षं मी ज्या वाक्यांना घाबरत होते ती वाक्यं कुणी बोललंच नाही, सगळ्यांना किंमत हवी होती!

सगळं गोड नव्हतं. एकजण ऑफिसात म्हणाला, "आता जपून बोला रे, मॅडमला ऐकू येतं," सगळे हसले, मला लागलं. दुसऱ्या एक मॅडम अजून माझ्याशी लहान बाळाशी बोलल्यासारखं ओरडून एकेक शब्द बोलतात. ओरडून उपयोग नसतो, ओरडल्यावर तोंड वाकडं होतं आणि ओठ पण वाचता येत नाहीत. समोर येऊन, नेहमीच्या आवाजात, जरा सावकाश, एवढं पुरे. आणि "जाऊ दे, काही नाही" असं म्हणू नका, त्या शब्दांचा जेवढा राग येतो तेवढा कशाचा येत नाही. माहेरची एक मावशी फोनवर आईला म्हणाली, पोरीचं लग्न व्हायचंय अजून, आईने असं उघडं मिरवायला नको. पोरगी आठवीत आहे. आईने मला ते जसंच्या तसं सांगितलं, वर "मला तसं वाटत नाही हं" पण म्हणाली. म्हणजे थोडं वाटत असणार.

मार्चमध्ये रंगपंचमीला जुन्या नाशकात राहाडीवर, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदावर, गेलो, दरवर्षी जातो. मशीन घरी काढून डबीत ठेवून गेले आणि दिवसभर सगळ्यांना आधीच सांगितलं की आज मी ऑफलाइन आहे, हात लावून बोलवा. काही अडलं नाही.

यूडीआयडीचं मला ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी सांगितलं. घरात याच्यावर मशीनपेक्षा जास्त चर्चा झाली. नवरा म्हणाला, "मशीन ठीक आहे गं, पण दिव्यांग म्हणून शिक्का कशाला मारून घेतेस?" त्याचं चुकीचं नव्हतं, त्याला माझीच काळजी होती, कंपनीत प्रमोशनला अडवतील म्हणून. मी पण एप्रिल-मे तसंच घालवलं. मग मी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा वाचला. त्यात २१ प्रकार आहेत, दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ऐकण्याची घट ६० ते ७० डेसिबल असेल तर 'हार्ड ऑफ हिअरिंग', ७० किंवा त्याच्या वर 'डेफ'. माझा ऑडिओग्राम समोर ठेवला तर मी त्यात सरळ बसत होते. म्हणजे शिक्का मारून घ्यायचा प्रश्नच नव्हता, जे आहे त्याचा कागद घ्यायचा की नाही एवढंच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात यूडीआयडीच्या स्वावलंबन कार्ड पोर्टलवर फॉर्म भरला. फुकट आहे, एजंट लागत नाही. आधार, पासपोर्ट साइज फोटो, सहीचा स्कॅन, पत्त्याचा पुरावा. फाइल मोठी असेल तर चढत नाही, फोटो आणि सही आधीच लहान करून ठेवा. नाव आधारवर जसं आहे अगदी तसं. प्रकारात हिअरिंग निवडायचं, मग जिल्हा आणि तपासणीचं हॉस्पिटल. शेवटी एनरोलमेंट नंबर येतो, त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि घरातल्या आणखी एकाला पाठवून ठेवा. नियमाप्रमाणे तीन महिन्यांत निकाल द्यायचा असतो, २०२४ च्या बदलाआधी एक महिना होता.

जुलै नुसतीच वाट बघण्यात गेला. ऑगस्टमध्ये बोलावणं आलं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं कामाच्या ओझ्याखाली होती, त्यांना बोलून काय उपयोग. सकाळी आठलाच गेले तरी रांग होती. सुरगाण्याहून, पेठहून पहिल्या एसटीने आलेली माणसं, धोतरातले आजोबा, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. केसपेपर काढला, आणि कानाच्या विभागाबाहेर बाकड्यावर बसलो. दारात एक भाऊ यादी घेऊन नावं पुकारत होता. तोंडाला मास्क, मान खाली, एकदाच, भराभर. आता तिथे बसलेल्या प्रत्येकाला ऐकू कमी येतं म्हणून तर आम्ही आलो होतो! नाव पुकारलं, कुणी उठलं नाही, पुढचं नाव. माझ्याशेजारच्या आजोबांचं नाव निघून गेलं असावं, त्यांचा पुतण्या चहा आणायला गेलेला, ते शांत बसलेले.

पूर्वीची मी असते तर उठून त्याच्या ओठांशी जाऊन उभी राहिले असते, मास्क असला तरी, आणि कुणाला काही बोलले नसते. त्या दिवशी मी उठले आणि म्हणलं, "भाऊ, आम्हाला कुणालाच ऐकू येत नाही, नाव पुकारून कसं चालेल?" माझा आवाज किती मोठा आहे याचा मला नीट अंदाज येत नाही, तो अख्ख्या पॅसेजमध्ये गेला. क्षणभर सगळं थांबलं. मग तो भाऊच हसायला लागला, "अरे हो ना राव." त्याने केसपेपरच्या मागे मोठ्या आकड्यात नंबर लिहून वाटले आणि हात वर करून नंबर दाखवायला लागला. मी म्हणलं म्हणून त्याने ऐकलं असं नाही, त्यालाही वैताग आलाच असणार. आजोबांना त्याने स्वतः खांद्याला हात लावून आत नेलं.

आत परत ऑडिओमेट्री. खाजगी रिपोर्ट दाखवला, तो बघितला, पण तपासणी त्यांची ते करतातच. या वेळी मी स्वतःच खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले. मग बेराची तारीख वेगळी मिळाली, त्यासाठी परत एक अर्धी रजा. बेरा म्हणजे कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवतात, हेडफोनमधून टकटक आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काय पोचतं ते कॉम्प्युटर बघतो, आपण बटण वगैरे दाबायचं नाही. दुखत नाही. हलायचं नाही, जबडा सैल ठेवायचा, झोप लागली तर उत्तमच. केसांना तेल लावून जाऊ नका, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. कानातले घरीच काढून ठेवा, मशीन मात्र बरोबर न्या, बाकीचा दिवस काढायचा असतो.

टक्केवारी कशी काढतात तर दोन्ही कानांची सरळ सरासरी नाही. चांगल्या कानाच्या टक्क्यांना पाचने गुणतात, त्यात वाईट कानाचे टक्के मिळवतात आणि सहाने भागतात. म्हणून एक कान पूर्ण गेलेला आणि दुसरा ठणठणीत असेल तर आकडा फार कमी येतो, त्यावर रांगेत वाद घालणारे मी बघितले. माझा ४० च्या वर आला. ४० च्या खाली पांढरं कार्ड, ४० ते ८० पिवळं, त्यापुढे निळं.

सप्टेंबरात पोर्टलवर पीडीएफ आली, कार्ड त्यानंतर पोस्टाने. पोस्टमनचा फोन आला तेव्हा मी सरळ म्हणलं, "मला फोनवर नीट ऐकू येत नाही, मेसेज टाका." टाकला त्यांनी. रेंज नाहीये हे वाक्य मी आता वापरत नाही, मोबाइल कंपनीवर एवढी वर्षं उगाच आळ घेतला.

कार्डाने काय मिळतं. आमच्यासारख्या खाजगी नोकरीवाल्यांना लगेच दिसेल असं म्हणजे इन्कम टॅक्सला २०२५ मध्ये ८०यू कलमाखाली ७५ हजारांची वजावट होती, पण फक्त जुन्या पद्धतीत, नवीन पद्धत घेतली असेल तर नाही. दोन्ही मांडून बघा, मला त्या वर्षी नवीनच परवडत होती, म्हणजे वजावट गेली! रेल्वेची सवलत मला नाही, ती ऐकणं आणि बोलणं दोन्ही पूर्ण नसलेल्यांना आहे. सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षणातला एक टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आहे, घरात कुणी स्पर्धा परीक्षा देत असेल तर कागद वेळेत काढा, जाहिरात आल्यावर पळापळ करून होत नाही.

मी कार्डाची कॉपी लावून एचआरला मेल केला. तो मेल लिहायलाच आठवडा गेला, आधी दोन पानं झाली होती, त्यात माफी मागितल्यासारखं बरंच काही होतं, ते सगळं खोडलं. शेवटी राहिलं ते एवढंच की मला ऐकू कमी येतं, ऑनलाइन मीटिंगमध्ये बोलणाऱ्याने कॅमेरा लावावा, कॅप्शन चालू ठेवावं, एका वेळी एकाने बोलावं, आणि ठरलेल्या गोष्टी मीटिंगनंतर दोन ओळीत मेल कराव्यात. एचआरचा रिप्लाय अर्ध्या तासात, "नोटेड, टीमला कळवते." पुण्याचे तिघं कॅमेरा लावतात, एकजण अजून लावत नाही, त्याचं नाव आलं की मी दरवेळी चॅटमध्ये टाकते, कॅमेरा प्लीज. पहिल्या दोन-तीन वेळेला हात थरथरायचा, आता कॉपी-पेस्ट करून ठेवलंय.

मावशीचा परवा आईकडे परत फोन होता, काकांना टीव्ही फार मोठा लागतो म्हणून, नाशकात कुणाला दाखवावं. आईने माझा नंबर दिला, मी ईएनटीचा पत्ता पाठवला आणि खाली लिहिलं की आधी मळ बघून घ्या, मशीनचं नंतर. मोल्डच्या रंगाचं काही लिहिलं नाही, ते त्यांचं ते बघतील.

फॉर्म भरणाऱ्यांसाठी राहिलेलं एक. हॉस्पिटलला जाताना सगळ्या रिपोर्टच्या दोन-दोन झेरॉक्स न्या, बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे दहानंतर उभं राहायला जागा नसते. मूळ ऑडिओग्राम कुणाकडेही सोडू नका. आणि बरोबर कुणी येणार असेल तर त्याला चहाला पाठवू नका.